दहावी खुंटी

‘आज मिळायची नाही,’ टॅम्सिन म्हणाली.

दारातला माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत निथळत होता. त्याने फक्त एक ग्लास काळी बियर मागितली होती.

‘संपली?’

‘पिंप भरलेलं आहे. पण कालच तळघरात मांडलंय. उद्या दुपारपर्यंत गाळ खाली बसायचा नाही.’

‘मला गाळ चालेल.’

‘तुम्हाला चालेल हो. मला नाही चालत.’

आता एवढ्या पावसात मैलभर चिखल तुडवून आलेल्या माणसाशी असं कुणी बोलतं का? पण इंग्लंडमधल्या हॉथवेट गावाच्या त्या एकुलत्या एक पबमध्ये टॅम्सिनचा शब्द शेवटचा असे. पब तिच्या वडिलांचा, जेबेझचा. ते दिवसभर खिडकीशी बसून असत. दोन वर्षांपासून त्यांना काही म्हणजे काही आठवेनासं झालं होतं. त्यामुळे तळघर, स्वयंपाक, गिऱ्हाइकं आणि बाबा, सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात. सत्ताविसाव्या वर्षीच कपाळावरची आठी कायमची मुक्कामाला आली होती.

तो माणूस मात्र हसला. ओल्या पापण्यांआडून, अगदी मनापासून.

‘मग उद्या येतो... उद्या तरी हाकलणार नाही ना?’

‘बूट पुसून आलात तर नाही.’

दुसऱ्या दिवशी तो बूट पुसून आला. नाव एमरिस, राहणारा वेल्सचा. चुना-माती न लावता नुसत्या दगडांवर दगड बसवून शेतांच्या भिंती बांधायचा. समोरच्या टेकडीवरची ढासळलेली भिंत उभी करायला त्याला बोलावलं होतं. पबच्या खिडकीतून ती टेकडी छान दिसायची, म्हणजे धुकं उठलं तर. त्या वर्षी ते उठायचंच नाव घेईना. कधी चुकून उठलंच, तर टॅम्सिन ग्लास पुसता पुसता टेकडीवर एक वाकलेली पाठ शोधायची, आणि सापडली की उगाचच स्वतःवर चिडायची.

रोज दुपारी तो मटणाचा रस्सा, पाव आणि एक ग्लास बियर घेऊन शेकोटीशी बसे. समोर म्हातारी ॲडा तिच्या आंधळ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेली असे.

‘दहा दिवसांचं काम, आता सहा आठवडे झाले,’ ती एकदा म्हणाली. ‘दगड जड आहेत की इथून तुझा पाय निघत नाही?’

‘दगड निवडावे लागतात, आजी.’

‘निवडून झालंय तुझं. सगळ्या गावाला ठाऊक आहे!’

टॅम्सिन कानापर्यंत लाल झाली आणि काही काम नसताना स्वयंपाकघरात गेली.

एका दुपारी पाऊस असा लागला की पबमध्ये कुणी फिरकलंच नाही. बाबा डुलक्या घेत होते. एमरिस काउंटरला टेकून उभा होता.

‘तुला घर आठवत नाही?’ तिने विचारलं.

‘आई आणि भाऊ आहेत की मेंढ्या राखायला. माझी कुणीच वाट बघत नाही. जिथे बसेन तिथे घर.’

‘आणि बसायचं ठरलंय कुठे?’

‘बघतोय...’ तो तिच्याकडे पाहत म्हणाला. ‘ही जागा बरी वाटतेय. मालकीण खाष्ट आहे जरा.’

‘मग दुसरी बघ!’

‘दुसरीकडे असा रस्सा नाही मिळत — आणि असं फाडकन बोलतही कुणी नाही.’

दगडांनी सोलवटलेली त्याची बोटं तिच्या हातापाशी येऊन थांबली. शिवली नाहीत. तिचा हातही तिथून हलला नाही.

इथेच टॅम्सिनची चूक झाली.

काउंटरच्या वर नऊ खुंट्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेका गावकऱ्याचा जस्ती मग. तो मागून मिळत नसे. पबच्या मालकाने स्वतःच्या हाताने तो टांगायचा आणि ज्याचा असेल त्याने सगळ्यांसमोर त्यातून प्यायचं. एकदा प्यायलं की शब्द दिल्यासारखंच. मरेपर्यंत तो माणूस इथला. वाटसरूला तो मान कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅम्सिनने कुणाला न विचारता दहावी खुंटी ठोकली आणि घासून लख्ख केलेला मग तिच्यावर टांगला.

दुपारी एमरिस आला तो अंगात कोट आणि खांद्यावर पिशवी घेऊन. त्याची नजर वर गेली. त्या मगाचा अर्थ ॲडाने त्याला कधीच सांगून ठेवला होता. पबमधले सगळे त्याच्याकडे बघू लागले.

‘टॅम्सिन... भाऊ ट्रॅक्टरखाली सापडला. वाचलाय, पण पुन्हा चालणार नाही. आई एकटी पडली.’



‘तू चल माझ्याबरोबर,’ तो हलकेच म्हणाला.

तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या बाबांची हाक आली. ‘पोरी, तुझी आई कुठे गेली गं? अजून कशी आली नाही?’

आई जाऊन चार वर्षं झाली होती.

‘येतेय, बाबा. जवळच गेलीय,’ टॅम्सिन म्हणाली.

एमरिसने मान खाली घातली. त्याला उत्तर मिळालं होतं. त्याचा हात मगाकडे गेला आणि मधेच थांबला.

‘मला... साध्या ग्लासात देशील?’

‘अरे मेल्या, त्यातूनच पी की!’ ॲडाचा आवाज चिरकला. ‘नंतरचं नंतर बघू!’

‘नको, आजी. हिला खोटा शब्द द्यायचा नाही मला.’

टॅम्सिनने साधा ग्लास घेतला. तिने घाई केली नाही. फेस खाली बसू दिला, मग काठोकाठ भरला.

‘माझं प्रेम आहे तुझ्यावर,’ ती सगळ्यांदेखत म्हणाली. ‘घे.’

‘माझंही आहे. फार आहे.’

तो उभ्यानेच प्यायला. दोनची बस होती.

‘दारापर्यंत येऊ नकोस, टॅम्सिन... मग माझा पाय निघायचा नाही.’

‘येणारच नव्हते. बाबांचं जेवण व्हायचंय.’

पण ती गेली. काउंटर ॲडावर टाकून, ॲप्रन तसाच अंगावर ठेवून, थेट रस्त्यापर्यंत गेली. दोघं हात धरून चालले. पत्र पाठवीन, सुट्टीत येईन, असलं काही कुणीच बोललं नाही. बसचे दिवे दिसले तेव्हा त्याने तिचा ओला चेहरा ओंजळीत घेतला आणि तिच्या ओठांवर ओठ टेकले, एकदाच. बस निघाली. धुक्यात ती दिसेनाशी होईपर्यंतही टॅम्सिनला थांबता आलं नाही, कारण बाबा तिकडे पुन्हा आईची वाट पाहत असणार होते.