सवतीची सायकल

टांगलेल्या दिव्याला हात लावू नकोस ताई. हलतोय तर हलू दे. आधी ऐक.

लग्नाला वर्ष झालं म्हणून आम्ही त्या समुद्रकाठच्या गावी गेलो होतो. निवांत गाव. द्राक्षांचे मळे पार वाळूपर्यंत उतरलेले, मधूनमधून वायनरी. सायकली भाड्याने घ्यायच्या, एका वायनरीतून दुसरीत जायचं, घोट घोट चाखायचं. बेत नवऱ्याचाच. "मीही पहिल्यांदाच येतोय, बुटके," म्हणाला होता.

आणि सायकलवाल्याने त्याला बघताच ओळखलं. "या, या! बाईंची सायकल आहे अजून. सीटसुद्धा त्यांच्याच मापाला ठेवलीय." मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि त्याने जीभ चावली.

म्हणजे हा इथे पहिल्या बायकोबरोबर आला होता! ती चांगली उंच होती, हे तुला माहीत आहे. तिला 'लंबू' म्हणायचा. मेलेल्या बाईवर काय जळायचं, असं तू म्हणशील. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायकलवाला दुसरी सायकल काढत होता. मी म्हटलं, हीच द्या, आणि सीट खाली करा. त्याने पाना फिरवून सीट अगदी तळाला बसवली आणि पाना माझ्याकडे दिला.

पहिल्या वायनरीतून बाहेर आलो, तर सीट वीतभर वर.

"सैल असेल," हा म्हणाला. खाली दाबून त्याने ती करकचून आवळली.

दुसऱ्या वायनरीच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. लाटांचा आवाज आणि पिंपांचा आंबूस वास, एवढंच. सीट पुन्हा वर आली होती.

"तू केलंस?"

"मी कशाला करू..." तो म्हणाला. पण त्याचा हात त्या सीटवर होता, आणि तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता. मला ते बघवेना.

"राहू दे तशीच," मी म्हटलं. "तिला जमत होतं ना? मलाही जमेल."

निघालो. आधी पायडलला माझे चवडेसुद्धा धड पोचत नव्हते. त्यात समुद्रावरून धुकं आलं. हा पुढे होता, नुसती पाठ दिसत होती. मी ईर्ष्येने पाय मारत राहिले. मारता मारता केव्हा तरी पायडल पुरतं पावलाखाली आलं. केव्हा, ते कळलं नाही.

त्याने मागे वळून पाहिलं. हसला.

"लंबू... चल ना गं..."

त्या आवाजात त्याने मला कधी हाक मारली नाही, ताई. एकदाही नाही. मी चिडून तोंड उघडलं, आणि आवाज आला, "आले रे..."

ब्रेक दाबला. दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्या. सीट खाली आली नव्हती.

आजी म्हणायची ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला? मला मेलीला तर वाणच लागला. आणि हा खुशीत आहे. शीळ घालतो, माझ्या केसांतून हात फिरवतो. तिचे लाड माझ्या अंगावर होतात आणि मी उभी जळते.

मघापासून विचारतेस, वारा नसताना दिवा कशाने हलतोय. आत येताना माझं डोकं लागलं त्याला.

आपल्या घरात कुणाचं डोकं पोचलंय का गं तिथवर, कधी?