वारलूच्या रक्तातली साखर

“माही बायको मले मारून राह्यली, बाई,” वारलू म्हणाला आणि रडायलाच लागला.

आलापल्लीकडच्या तलावात जाळं टाकणारा दणकट गडी, पण आता अंगातला शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा. चंद्रपूरच्या गुप्तहेर नीलिमाने त्याचा रिपोर्ट पाहिला. रक्तातली साखर बावीस.

“बावीस! एवढ्यावर माणूस बेशुद्ध पडतो!” तिचा सहकारी अमर ओरडला.

“मायच्या शुगरच्या गोळ्या घरात हायेत. माहा भाऊ निकेश म्हणते, कमळा त्याच भाजीत कालवते. मी तिले माहेरी धाडलं. जलमभर तिच्या हातचं खाल्लं, बाई!”

“रक्त दिलं त्या दिवशी तब्येत कशी होती?”

“बरी होती. दिवसभर जाळं विणत बसलो. फक्त दोन घासात पोट भरते. डाव्या बरगडीखाली दगड असल्यावानी लागते.”

अमरने तो दगडही विषाच्या खात्यात जमा केला. त्याचं हे नेहमीचंच.

आलापल्लीत निकेश तावातावाने म्हणाला, “वहिनी गेल्यावरबी साखर कमीच निघाली. जाताना मसाल्यात कालवून गेली असंन!”

माहेरी कमळा सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने मानही वर केली नाही. “एक शब्द विचारला नाई त्यायनं. इथी आणून टाकलं.”

आलापल्लीच्या दवाखान्यात रक्त घेणारी रुपाली म्हणाली, “नळीतलं रक्त तपासाले इथी मशीन नाई, ताई. सकाळी काढलेल्या नळ्या दुपारच्या बसवाल्याजवळ देतो. संध्याकाळी चंद्रपूरले तपासतात. साखरेच्या राखाडी झाकणाच्या नळ्या संपल्या, म्हणून वारलूभाऊचं रक्त दोन्ही वेळा लाल झाकणाच्या नळीत धाडलं.”

नीलिमाने वारलूला तिथेच बोलावून त्याच्या बोटातल्या थेंबाची साखर छोट्या ग्लुकोमीटरवर तपासून घेतली. एकशे दोन. मग वारलूलाच घेऊन ती चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे गेली.

सगळ्या तपासण्या हाती आल्यावर तिने वारलूच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. कमळा फाटकाबाहेरच उभी राहिली.

“साखर खरंच बावीस असती, तर वारलूभाऊ जाळं विणत बसले नसते,” नीलिमा म्हणाली. “बोटातल्या रक्तात साखर ठीक, नळीतल्या रक्तात कमी. म्हणजे साखर अंगात नाही, बसमध्ये संपली.”

“बसवाल्यानं खाल्ली?” अमर म्हणाला. कोणी हसलं नाही.

“रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी. राखाडी झाकणाच्या नळीत त्यांना आवरणारं औषध असतं, लाल झाकणाच्या नळीत नसतं. तरी निरोगी माणसाच्या पेशी एवढी साखर फस्त करत नाहीत. त्याला पेशी बेसुमार लागतात. आजवर साखरच तपासली, पेशी कोणी मोजल्याच नाहीत. अकरा हजारांच्या आत हव्यात, निघाल्या चार लाख. बरगडीखालचा दगड म्हणजे ह्याच पेशींमुळे वाढलेली प्लीहा. रक्ताचा जुनाट कर्करोग आहे, जनुकाच्या तपासणीत पक्कं झालं. पण औषध आहे. रोज जेवणासोबत ही गोळी घेतली, तर भाऊ खूप वर्षं जगतील.”

वारलू धडपडत फाटकाशी गेला.

“चुकलो व, कमळा. घरी चाल.”

कमळाने आत येऊन नीलिमाच्या हातातून गोळ्यांचं पाकीट घेतलं. वारलूने हात पुढे केला. तिने ते निकेशच्या हातात ठेवलं.

“ज्याच्या बोलण्यावर मले काढलं, त्याच्याच हातची घ्या,” ती म्हणाली. “माह्या हातची खाताना तुमाले पुन्हा भेव वाटंन.”

आणि ती माहेरच्या वाटेला लागली.