कालिंदीच्या कडक भाकऱ्या

त्या दुपारी कालिंदी राजारामपुरीत आगपेटी आणायला निघाली होती. घरात आगपेट्या नव्हत्या असं नाही, चांगलं अख्खं पुडकं होतं. पण कोल्हापूरच्या श्रावणात त्यातली एक काडी पेटेल तर शपथ.

उभा जन्म सोलापुरात गेलेली बाई ती. नवऱ्याची, केरबाची, कागलच्या कारखान्यात बदली झाली म्हणून दोघं उन्हाळ्यात इथं आली आणि आकारामकाकांच्या बंगल्यामागची दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेऊन राहिली. पावसाळा लागला तसं मिठाला पाणी सुटलं, कपाटाचं दार फुगून बसलं, केरबाच्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी चढली. कालिंदी उठता-बसता या हवेला शिव्या घालायची. पण खरं सांगायचं तर शिव्या घालतानाही तिचा हात आपल्याच गालावरून फिरत असायचा. वर्षानुवर्षं भेगाळलेल्या टाचा इथं येऊन मऊ झाल्या होत्या. ओठ फुटत नव्हते. कुंडीत कुठलीही काडी खोचावी आणि आठवड्यात तिला पालवी फुटावी. "अगं, तू दहा वर्षांनी लहान दिसतीस," असं केरबा एकदा म्हणाला, तेव्हा तर तिनं मिठालाही माफ करून टाकलं.

माफी नव्हती ती एकाच गोष्टीला. तिच्या भाकऱ्या सादळत होत्या.

सोलापुरात कालिंदीच्या कडक भाकरीचं नाव होतं. कागदासारखी पातळ, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तव्यावर भाजायची, कापडावर पसरायची आणि विसरून जायचं. बाकीचं काम तिथली कोरडी हवाच करते. सकाळी भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. कालिंदीनं इथंही तेच केलं. रात्रभर भाकऱ्या कापडावर पसरून ठेवल्या आणि सकाळी नव्या हुरूपानं कोपऱ्यावरच्या विजयसिंहांच्या किराणा दुकानात विकायला नेल्या. विजयसिंहांनी एक भाकरी मोडायला घेतली. ती मोडली नाही, नीट घडी झाली.

"वैनी," ते गंभीरपणे म्हणाले, "ही खायाची, का हिनं तोंड पुसायचं?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. कालिंदीही हसली, पण घरी येऊन तिला जेवण गेलं नाही. कारण नवरा-बायकोचं आधीच ठरलं होतं : दसऱ्यापर्यंत इथं धंदा बसला नाही, तर कालिंदीनं सोलापूरला भावाकडे जाऊन तिथला धंदा पुन्हा सुरू करायचा आणि केरबानं इथं एकट्यानं राहायचं. तिला नवऱ्याला सोडून राहायचं नव्हतं आणि हाताला काम नसताना बसून खायचंही नव्हतं. विजयसिंहांनी शेवटची एक संधी दिली होती. "उद्या सकाळी आणा. मोडली तर रोज घेतो. न्हाय मोडली तर पुन्यांदा विचारू नका." आगपेटी घेऊन ती परतली ती या शेवटच्या भाकऱ्या थापायला.

केरबा दुसऱ्या पाळीला गेला होता. चार वाजले असतील-नसतील, पण आभाळ असं भरून आलं की स्वयंपाकघरात तिन्हीसांजा झाल्या. मग पाऊस कोसळला आणि लाईट गेली. कालिंदीनं मेणबत्ती लावली. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत एक कमानीसारखी पोकळी होती. तिथं ती ओल्या छत्र्या निथळायला ठेवायची. रोज सकाळी त्या छत्र्या बाहेर काढलेल्या दिसायच्या. हे केरबाचंच काम असणार असं ती धरून चालली होती. केरबाला असल्या कामाची कधी सवय नव्हती, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण नवऱ्यानं न सांगता केलेल्या कामाची चौकशी कुठली बायको करते?

तिनं भाकऱ्या भाजल्या, कापडावर पसरल्या. शेवटची भाजून होईपर्यंत पहिली मऊ पडली होती. तिनं ती उचलली. भाकरी हातावरून खाली लोंबली.

कालिंदी तिथंच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. टाचा मऊ झाल्या त्याचं काय करू, असं म्हणून रडली.

रडता रडता तिला वास आला. शेणीच्या धुराचा.

गॅस तर बंद होता. दारं-खिडक्या लावलेल्या. धूर कुठं दिसत नव्हता, पण वास वाढत चालला, उग्र आणि ऊबदार. मग आवाज आला. जळती काटकी मोडते तसा, बारीक. त्यापाठोपाठ बांगड्या वाजल्या. काचेच्या, थोड्याच... आणि आवाज त्या पोकळीतून येत होता.

कालिंदीच्या अंगावर सरसरून काटा आला. मेणबत्तीची ज्योत पोकळीच्या दिशेनं वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"कोण हाय...?" ती कसंबसं म्हणाली.

फक्त पाऊस. मग अगदी कानाजवळ, म्हाताऱ्या घशातून, वैतागलेला आवाज आला.

"आडवी ठिवू नगं..."

"काय...?"

"भाकरी गं. उभी कर. भितीला टेकीव."

भीती कितीही वाटली तरी सोलापूरच्या बाईला भाकरीबद्दल कुणी शिकवलेलं ऐकून घ्यायची सवय नसते. "आमच्यात आडवीच ठेवतात," असं तिच्या तोंडून निघूनही गेलं. आणि लगेच तिनं जीभ चावली.

"मग बस रडत," आवाज म्हणाला.

कालिंदी उठली. तिनं छत्र्या बाहेर काढल्या आणि पहिली भाकरी पोकळीत उभी केली. आत हात घातला तर भट्टीसारखी ऊब. निखारा एकही नव्हता. भाकरी हळूहळू आखडली, कडा वळल्या आणि तीळ तडतडले. दुसरी, तिसरी... कालिंदीचे हात चालू लागले. एक कडक झाली की दुसरी टेकवायची. भीती कुठं गेली हे तिला कळलंच नाही. ती चक्क गुणगुणायला लागली.

"अजून जरा ठेवू का...?" तिनं मध्येच विचारलं.

"गप. जळंल."

दुसऱ्या दिवशी विजयसिंहांनी भाकरी हातात घेतली आणि ती अशी कडकन मोडली की गल्ल्यावरचं मांजर उठून गेलं. "रोज आणा," ते म्हणाले, आणि उरलेला तुकडा गिऱ्हाइकाला न देता स्वतःच खाल्ला. कालिंदी रस्त्यातून जवळजवळ नाचत घरी आली.

दारात आकारामकाका भेटले. तिनं आडून आडून त्या पोकळीबद्दल विचारलं.

"ती व्हय? आमच्या आईची चूल व्हती तितं," काका म्हणाले. "बाळाबाई. आजऱ्याची. तिकडं पाऊस म्हंजे पाऊस. लुगडी, पापड, भाकऱ्या, समदं चुलीपाशी उभं करून वाळवायची. जाताना म्हणली, माझी चूल मोडू नगासा. आम्ही मोडली की. धुराडंबी बुजवलं. कुणाला हात लावू देत नव्हती. आमच्या मंडळींनाबी न्हाय."

त्या दिवसापासून छत्र्या दाराबाहेर राहिल्या. दसरा आला, गेला. सोलापूरला राहायला जायचा विषय कुणी काढला नाही. संध्याकाळी दोन बायकांची कुजबुज आणि हसणं केरबालाही ऐकू यायचं. तो रेडिओ समजायचा. कालिंदी सुखात होती, अगदी मनापासून.

दिवाळीला मात्र ती चार दिवसांसाठी माहेरी गेली. सोलापूरची हवा नेहमीसारखी खडखडीत होती. पहिल्याच रात्री तिनं भावजयीला, निशिगंधाला, हौसेनं भाकऱ्या करून दिल्या आणि जुन्या सवयीनं कापडावर पसरल्या.

सकाळी सगळ्या भाकऱ्या ओल्या होत्या. सादळलेल्या नव्हे, पिळल्या तर पाणी निघेल अशा ओल्या.

निशिगंधा दारात उभी होती. तिचा चेहरा गोंधळलेला होता. "वन्सं, तुमच्यासोबत आलेल्या आजी कुठं गेल्या वो?"

"कोण आजी?"

"पहाटे इथं बसल्या होत्या की. पावसातनं आल्यागत केस ओले होते. मी चहा विचारला तर नुसतं विचारत होत्या, घरी कधी जायाचं म्हणून."

कालिंदीच्या मणक्यातून गार शिरशिरी गेली. आणि मग, तिचं तिलाच नवल वाटलं, तिला हसू फुटलं. आपल्या परतण्याची इतकी वाट बघणारं माणूस तिला त्या परक्या गावात भेटलं होतं.

"आजच जाऊ," ती मोकळ्या खोलीकडं बघत मोठ्यानं म्हणाली, आणि पिशवी भरायला घेतली.

दुपारच्या एसटीनं ती कोल्हापूरला परतली. भाकऱ्यांचा धंदा आता असा जोरात आहे की हाताखाली बाई ठेवावी लागते. पण परवा निशिगंधाचा फोन आला होता. यंदाचा चैत्र सोलापुरात असा तापला की विहिरी आटल्या, कुंड्यांतली रोपं करपली. आजी बसल्या होत्या ती फरशी मात्र अजून वाळलेली नाही.