पिवळी पुढे, हिरवी मागे

समोरून येणाऱ्या गाडीने मला दोनदा डिपर मारला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घाटरस्ता, सकाळचं धुकं, मी माझ्या बाजूने शिस्तीत चाललेली. ना मी त्याच्या वाटेत, ना माझे दिवे त्याच्या डोळ्यांवर. पण नाही! बाई गाडी चालवताना दिसली की काही लोकांना राहवतच नाही. त्यातून ती गाडी दोनच सीटची, पिवळीधमक, छत मागे दुमडलेली... मग तर विचारायलाच नको. त्या माणसाने स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून हलवलीसुद्धा — आणि वर हसला! मी दातओठ खात पुढे निघून गेले. मी दातांची डॉक्टर आहे. दातओठ खाऊ नका असं पेशंटना रोज सांगते. पण काही माणसांपुढे डॉक्टरकी चालत नाही.

एक गोष्ट मात्र पुढच्या वळणावर लक्षात आली. त्याची गाडी हुबेहूब माझ्या गाडीसारखी होती. तेच गोल दिवे, तेच लांब नाक. रंग फक्त गर्द हिरवा. आमच्या भिंगरीला जुळी बहीण आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

भिंगरी म्हणजे माझी गाडी. माझ्या जन्माआधी बाबांनी ती मोडक्या अवस्थेत आणली आणि हळूहळू उभी केली. इतर मुली बाहुल्या खेळल्या, मी नट-बोल्टचे पाने पुसले. गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, तेव्हा त्यांनी किल्ली मुकाट्याने माझ्या ताटाशेजारी ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

परतताना घाटाखालच्या पेट्रोल पंपावर वळले, तर हिरवी गाडी तिथेच उभी! मी भिंगरी तिच्या नाकासमोर लावली आणि उतरले.

“मघाशी मला डिपर का मारलात?”

तो वळला. उंच, विस्कटलेले केस, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू मी त्याची हरवलेली मावसबहीण. “तुम्ही! अहो, तुम्ही उत्तरच नाही दिलंत!”

चोराच्या उलट्या बोंबा! “उत्तर? पोलिसांना बोलावून देऊ का उत्तर?”

“पोलीस?” त्याचं हसू मावळलं. “अहो, नमस्कार केला मी... मी इंजिनिअर आहे, पूल तपासतो. बरीच वर्षं परदेशात होतो. ही गाडी जिथे घेतली ना, तिथे आपल्यासारखी जुनी गाडी समोरून आली की दिवे देतात. म्हणजे — बरं वाटलं तुम्हाला बघून. समोरच्याने उत्तर दिलं नाही, तर तो माणूस शिष्ट ठरतो.”

“इथे दिवे देतात ते ‘हो बाजूला’ म्हणायला. बाईला देतात ते त्याहून वाईट काहीतरी म्हणायला.”

तो कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे मी आल्यापासून... अरे देवा. परवा एका आजोबांना तर मी तीनदा...”

मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

पंपाशेजारी चहाची टपरी होती. माफी म्हणून चहा पाजतो म्हणाला. मी म्हटलं, माझा मी घेईन. मग दोघांनी आपापला घेतला, पण एकाच बाकावर बसून. दोन गाड्यांनी तोवर चांगलीच गर्दी जमवली होती.

“देशोदेशी वेडी माणसं भेटतात,” तो सांगत होता. “एका देशात लोक आठवडाभर गाडी पुसतात, अगदी दात घासायच्या ब्रशने, आणि रविवारी जेमतेम कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतात. दुसरीकडे चिखल-बर्फ कशालाच भीत नाहीत. पोचा पडला की कौतुकाने दाखवतात. एका देशात गाड्या ओळीने लावतात, बॉनेट उघडतात, वाकून एकमेकांची इंजिनं बघतात... आणि कोणी चकार शब्द बोलत नाही! देवळात गेल्यासारखं.”

“आणि आमच्याकडची पद्धत सांगू? आमच्याकडे इंजिन कोणी बघत नाही. आधी मला बघतात, मग विचारतात, ‘मिस्टरांची का?’ मिस्टर नाहीत म्हटलं की ‘भावाची?’ भाऊ नाही म्हटलं की गाडीकडे अशा दयेने बघतात, जणू ती पोरकी झाली!”

“मिस्टर नाहीत?”

“एवढं सगळं बोलले, त्यातलं तुम्ही नेमकं तेवढंच ऐकलंत?”

“सगळं ऐकलं,” तो ग्लासात बघत म्हणाला. “तेवढं जरा... नीट ऐकलं.”

पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्याच बाकावर बसलो. चहा आपापलाच. पण एका रविवारी मी उशिरा पोचले, तर माझ्या चहावर त्याने बशी झाकून ठेवली होती. बशीच ती, साधी. मी दिवसभर तिचाच विचार करत दाढा भरत राहिले.

अशात आमच्या मोटार क्लबची वार्षिक चढाई आली. जुन्या स्पोर्ट्स गाड्या घाट चढून माथ्यावरच्या मैदानात जमतात. ही चढाई बाबा आणि त्यांच्या मित्रांनीच सुरू केली होती. पण मित्र पांगले, आणि क्लब गेला सेक्रेटरींच्या हातात. त्यांची रुपेरी, जमिनीला टेकलेली गाडी वर्षभर कव्हराखाली झोपलेली. पण गाडी कशी चालवावी यावर यांची भाषणं बारमाही. उंटावरचे शहाणे! ते बाबांच्या मागेच लागले होते — चालवणारं कोणी नसेल, तर भिंगरी क्लबच्या काचेच्या हॉलमध्ये ठेवू.

“चालवणारं कोणी नाही?” मी सेक्रेटरींच्या टेबलावर हात आपटला. “मी कोण आहे?”

“तू रागावू नकोस ताई. घाट अवघड, गाडी जुनी. तू महिला मंडळासोबत बसने ये ना वर. भिंगरीला फुलांनी सजव. छान दिसेल.”

घरी येऊन मी भांडी आपटली. बाबा शांतपणे म्हणाले, “मी चढाईला वर खुर्ची टाकून बसणार आहे. तू तिला वर आणलीस तर ती तुझी, कायमची. नाही आणलीस तर जाऊ दे काचेत. कव्हराखाली सडलेली मला बघवणार नाही.”

रविवारी बाकावर मी हे सगळं त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. आणि दोन दिवसांनी आनंदाने उड्या मारत माझ्या दवाखान्यात आला.

“काम झालं! सेक्रेटरींना भेटलो. माझी गाडी मी चढाईतून काढली आणि सांगितलं, मी भिंगरी चालवतो, तुम्ही शेजारी बसाल. एका पायावर तयार झाले!”

माझ्या हातातला आरसा ट्रेमध्ये खणकन पडला.

“तुम्ही चालवणार? माझी गाडी?”

“अहो, म्हणजे ती वर पोचेल... मी माझी जागा सोडली तुमच्यासाठी...”

“ते ‘मिस्टरांची का’ विचारतात ते परवडले! त्यांना निदान माहीत नसतं. तुम्हाला माहीत होतं! इतके रविवार तुम्ही बाजूला बसून ऐकलंत, आणि शेवटी केलंत काय, तर स्टिअरिंग मागितलंत!”

“मला वाटलं मदत...”

“मला मदत नको आहे. माझ्या वाटेतून बाजूला व्हा, तेवढी मदत पुष्कळ झाली.”

तो गेला. बाहेर बसलेल्या पेशंटची दाढ म्हणे तेवढ्यात दुखायची थांबली. माझं मात्र काहीतरी ठणकत राहिलं, आणि ते दात नव्हते. इतका राग परक्या माणसाचा येत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि त्याचाही राग आला.

चढाईच्या सकाळी मी भिंगरी घेऊन पायथ्याशी गेले. सगळ्या गाड्यांच्या काचांवर नंबर चिकटवलेले. भिंगरी त्याच्याऐवजी मी चालवणार म्हटल्यावर तिला नंबर नव्हता.

“ताई, बस तिकडे आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“रस्ता इकडे आहे,” मी म्हटलं. “आणि तो तुमच्या नावावर नाही.”

गाड्या एकेक करून सुटल्या. शेवटी हिरवी उभी होती. तिच्याही काचेवर नंबर नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, गाडी मागे घेतली आणि मला वाट करून दिली. एक शब्द नाही, एक दिवा नाही. मी निघाले. आरशात हिरवं नाक दिसत राहिलं, अंतर राखून.

धुकं होतं, समोरची काच ओलावत होती. अर्ध्या घाटात वळणावर रुपेरी गाडी आडवी, बॉनेटखालून वाफेचे लोट. सेक्रेटरी रुमालाने वारा घालत होते. गाडीला!

मी थांबले. रस्त्यात अडलेल्या गाडीला सोडून जायचं नाही, ही बाबांची शिकवण. तिथे राग आड येत नाही.

“चढच चुकीचा बांधलाय या लोकांनी,” ते कुरकुरले. नाचता येईना, अंगण वाकडं. मग माझ्या मागे डोकावून म्हणाले, “बरोबर कोणी पुरुष माणूस आहे का?”

देवा! इंजिन उकळतंय, आणि याला पुरुष माणूस हवाय!

“आहे,” मी म्हटलं. “मागच्या गाडीत. पण त्याला पुलांतलं कळतं. तुम्ही आधी रेडिएटरच्या झाकणावरचा हात काढा, भाजेल. गाडी निवू द्या, मग हे पाणी घाला. आणि अधूनमधून चालवत जा हो तिला.”

पाण्याचा कॅन देता देता मी मागे पाहिलं. हिरवी थांबली होती. तो आत बसून होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं घट्ट आवळलेली, ओठ दाबलेले... दार उघडायला जीव तळमळत होता त्याचा. पण तो उतरला नाही.

तो उतरला नाही, आणि तिथेच, त्या वाफेत आणि धुक्यात, मी त्या माणसाच्या प्रेमात पडल्याचं मला स्वच्छ कळून चुकलं.

माथ्यावर बाबा खुर्चीत बसले होते. भिंगरी मैदानात शिरली तसे ते काठी विसरून उभे राहिले. बॉनेटवर हात ठेवला, मग माझ्या डोक्यावर. दोन्ही गरम होती.

मागून हिरवी येऊन शेजारी लागली. माणसं जमली. एका गृहस्थांनी दोन्ही गाड्या न्याहाळल्या आणि मला ओलांडून थेट त्याला विचारलं, “वा! दोन्ही तुमच्याच का?”

मी तोंड उघडलं. पण तो आधी बोलला.

“नाही हो. पिवळी त्यांची आहे. मी त्यांच्या मागून आलो.”

बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या गृहस्थांचा दंड धरून “चला, चहा बघू” म्हणत त्यांना दूर घेऊन गेले.

“मी उतरलो नाही,” तो हळूच म्हणाला.

“पाहिलं.”

“फार जड गेलं.”

“तेही पाहिलं.”

“त्या दिवशी चुकलोच मी. तुम्ही म्हणाल तर आता... निघतो.” माझ्या उत्तराची वाट न बघता तो पाठ फिरवून, गाडी तिथेच सोडून, मैदानाच्या कडेकडे चालू लागला. आता या माणसाला काय म्हणावं! दिवे द्यायची घाई, मदतीची घाई, आणि जायचीही घाई!

मी भिंगरीत बसले, किल्ली फिरवली आणि दिवे दिले. एकदा... आणि पुन्हा एकदा. धुक्यातून उजेड त्याच्या पाठीवर पडला. तो थबकला, वळला.

“हे... ‘बाजूला हो’ म्हणून?” त्याने लांबूनच विचारलं.

“वेड्या,” मी गाडीतून ओरडले, “बरं वाटलं तुला बघून!”

मी त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं, तेही अख्ख्या क्लबसमोर, महिला मंडळाच्या बससमोर. त्याने चार बोटं वर उचलून हलवली. हसत. आणि या वेळी मला मुळीच राग आला नाही.