एकसष्टावी चिठ्ठी

त्या दोघांची पहिली भेट झाली ती एका बंद दारासमोर. शहरातल्या एकुलत्या एका बर्फाच्या रिंकचं गार करणारं यंत्र त्या शनिवारी दुपारी बंद पडलं आणि खेळायचा बर्फ बघता बघता घोटाभर पाण्याचं तळं झाला. दारावर पाटी लागली : सामना रद्द. आइस हॉकी बघायला आलेले लोक बडबडत, पाय आपटत घरी गेले. दोघेच मागे राहिले. एक ती, कारण पाटी खरी असेल यावर तिचा लगेच विश्वास बसेना. आणि दुसरा तो, कारण त्याला याच सामन्याचं रेडिओवर तीन तास वर्णन करायचं होतं आणि आता तीन तास बोलायचं काय, हे त्याला कळेना.

रेडिओ केंद्रावर त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. पण त्या दिवशी तो भोंगा पायरीवर बसून हळू आवाजात स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. तिने कान दिला. तो म्हणत होता, युरोपातले सगळे उत्तम खेळाडू एका संघात घेतले आणि उत्तर अमेरिकेतले सगळे उत्तम खेळाडू दुसऱ्या संघात, तर उत्तर अमेरिका दोन गोलांनी जिंकेल.

"कुठल्या रिंकवर?" तिने विचारलं.

त्याने वर बघितलं. "म्हणजे?"

"अमेरिकेतली रिंक अरुंद असते. तिथे धडका मारणारे भारी पडतात. युरोपातली रुंद असते. तिथे पास देणारे भारी पडतात. रिंक ठरल्याशिवाय तुमचे दोन गोल... हवेतलेच आहेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि तो हसला. तिने नजर वळवली खरी – पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती विमा कंपनीत धोके मोजायची. कुठल्या गोदामाला आग लागायची शक्यता किती, कुठला पूल किती वर्षांनी खचेल, हे ठरवणं हेच तिचं काम. असं काम करणारं माणूस निवांत कसं असणार? घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची, आणि कुणी छान बोललं तर यामागे काय असेल म्हणून दोन दिवस झोप उडवून घ्यायची. आई म्हणायची, अगं, तुला काळजी करायला काही नसलं तर त्याचीही काळजी वाटते.

रिंक दुरुस्त व्हायला सहा आठवडे लागणार होते. केंद्रप्रमुख बाईंना तर शनिवारच्या दुपारचे तीन तास रिकामे सोडायचे नव्हते. मग पायरीवरच्या त्या वादातून एक खेळ निघाला. श्रोत्यांनी पत्रं लिहून, फोन करून एकेका खंडाचा संघ निवडायचा. तिने खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवरून आठवडाभर गणितं मांडायची आणि सामन्याच्या साठ मिनिटांसाठी साठ चिठ्ठ्या लिहायच्या. त्या मिनिटात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कुणाकडे, कोण शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसला, गोल झाला की गोलकीपरने अडवला. चिठ्ठ्यांचा गठ्ठा पालथा भोंग्यासमोर ठेवायचा. त्याने घड्याळ बघून दर दोन-अडीच मिनिटांनी एक उलटायची आणि जे असेल त्याचं वर्णन करायचं. निकाल फक्त तिला ठाऊक असायचा.

लोकांनी हा नसलेला खेळ डोक्यावर घेतला. दुकानांत, कचेऱ्यांत भांडणं लागू लागली. तिसऱ्या आठवड्यात युरोपने आशियाला सात-दोन असं लोळवलं, तेव्हा आशियाच्या गोलकीपरवर जीव टाकणाऱ्या एका श्रोत्याने फोन करून सरळ लबाडीचा आरोप केला. तो श्रोता म्हणजे तिचा सख्खा मामा. भाचीनेच मामाला बुडवलं, असं म्हणून त्याने आठवडाभर अबोला धरला. त्यावर बाईंनी एक नियम घातला : एकदा सामना सुरू झाला की गठ्ठ्याला भोंग्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि उलटलेली प्रत्येक चिठ्ठी बोलून दाखवलीच पाहिजे. भोंग्याने हा नियम रेडिओवरून सगळ्या गावाला सांगितला आणि स्वतःचा शब्द दिला.

आणि ती? ती दर शनिवारी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. माइक चालू असल्याचा समोरचा लाल दिवा लागला की तिला बोलता यायचं नाही, म्हणून ती बघायची. गोल जवळ आला की त्याचा डावा पाय टेबलाखाली नाचायचा. अधूनमधून तो श्रोत्यांना सांगायचा, आमच्या आकडेबाईंचा जीव युरोपवर आहे बरं का, आणि तिच्याकडे बघून एक भुवई उडवायचा. त्या भुवईचं काय करावं, हे तिच्या कुठल्याच गणितात बसत नव्हतं. मध्यंतरात तो आपल्या थर्मासमधलं गरम पाणी आधी तिच्या कपात ओतायचा, मग स्वतःच्या. एवढंच. यावरून काय समजायचं? काहीच समजायचं नाही, असं तिने स्वतःला शंभरदा बजावलं होतं.

आता सहावा शनिवार उजाडला होता. अंतिम सामना, युरोप विरुद्ध उत्तर अमेरिका. आणि बातमी होती की रिंकवर बर्फ धरलाय, पुढच्या शनिवारी खरा सामना होणार. म्हणजे चिठ्ठ्या बंद आणि तिची खुर्चीही. तिचं तिथे काही काम उरणार नव्हतं.

साठ चिठ्ठ्या लिहून झाल्यावर त्याच कागदाची एक जास्तीची चिठ्ठी घेऊन तिने त्याच्यासाठी चार ओळी लिहिल्या. सामना संपल्यावर त्याच्या हातात द्यायची आणि जिना उतरून पळायचं, असा बेत होता. चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवून ती आंघोळीला गेली. बाहेर आली तेव्हा उशीर झाला होता. चिठ्ठी पर्समध्ये टाकलीय असंच धरून तिने पर्स उचलली, गठ्ठा उचलला, कुलूप तीनदा ओढायच्या ऐवजी दोनदाच ओढलं आणि धावली.

पहिलं सत्र, म्हणजे पहिल्या वीस चिठ्ठ्या, छान गेलं. एक-एक. मध्यंतराची गाणी लागली, त्याने तिच्या कपात पाणी ओतलं, आणि तिने सहज पर्समध्ये हात घातला.

चिठ्ठी नव्हती.

तिने पर्स टेबलावर उपडी केली. किल्ल्या, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, कंगवा... चिठ्ठी नव्हती. बाहेरच्या खोलीतून तिने घरी फोन लावला. आईने शांतपणे सांगितलं, "अगं, होती ना टेबलावर. गठ्ठ्यातून पडलेली दिसली, म्हणून मीच गठ्ठ्याच्या रबरबँडमध्ये सरकवली मधे कुठेतरी. वाचली नाही हं मी. निकाल कुणी बघायचा नाही, तूच म्हणतेस ना?"

तिने फोन ठेवला. ती आत आली आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणाली, गठ्ठा जरा बघू का?

त्याने गठ्ठ्यावर पंजा ठेवला. "आकडेबाई... हरायला लागला वाटतं युरोप?"

"तसं नाही. एक चिठ्ठी... चुकलीय."

"चुकली तर चुकली. नियम म्हणजे नियम. तुमचे मामा रेडिओला कान लावून बसलेत." आणि त्याने भुवई उडवली. काचेपलीकडून बाई बघत होत्या. लाल दिवा लागला.

पुढचं सत्र तिने कसं काढलं ते तिचं तिलाच माहीत. गठ्ठ्यात एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या आणि त्यातली एक तिची. एक्केचाळिसात एक, मग चाळिसात एक, मग एकोणचाळिसात एक... धोका मोजणं तिचा रोजचा धंदा, पण स्वतःच्याच घराला आग लागायची वेळ अशी मिनिटामिनिटाने मोजायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. त्याची बोटं चिठ्ठीकडे गेली की तिचा श्वास अडकायचा. तो म्हणायचा, अमेरिकेच्या बचावपटूने पक कठड्याशी दाबला... आणि तिचा श्वास सुटायचा. दुसऱ्या मध्यंतरात तिने पाणीही घेतलं नाही. त्याने विचारलं, बरं वाटत नाही का? ती नाही म्हणाली, मग हो म्हणाली, मग पुन्हा नाही. तो काळजीने बघत राहिला.

तिसऱ्या सत्रात तीन-तीन झाले. गावभर लोकांचा जीव टांगणीला लागला असणार. त्याचा डावा पाय नाचत होता. "चौपन्नावी चिठ्ठी उलटतोय," तो म्हणाला.

आणि गप्प झाला.

रेडिओवर तीन सेकंद गप्प बसणं म्हणजे गुन्हा. तो अकरा सेकंद गप्प होता. तिने घड्याळाच्या काट्याकडे बघून मोजले, कारण त्याच्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती. मग कागदाची घडी घातल्याचा आवाज झाला, तो माइकमधून सगळ्या गावाने ऐकला. त्याने चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली. "...पुढची चिठ्ठी," तो म्हणाला, आणि पुढची उलटली.

पुढच्या चिठ्ठीत युरोपचा गोल होता.

चार-तीन. सामना तसाच संपला, पण संपायच्या आधीच फोन खणखणायला लागले. भोंग्याने चिठ्ठी लपवली. नको होती ती घडी करून बाजूला टाकली, हवी होती ती काढली. कुणासाठी, हेही लोकांना ठाऊक होतं. आकडेबाईंचा जीव युरोपवर, हे त्यानेच सहा आठवडे गावाला ऐकवलं होतं. पहिला फोन अर्थातच मामाचा होता.

बाई आत आल्या. त्या ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बघून ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटत होतं. "कोरी होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग काय होतं?"

त्याने खिशावर हात ठेवला. एक थाप मारायची, शाई सांडली होती म्हणायचं, पण तेवढंही त्या माणसाला जमत नव्हतं. बाईंनी सांगितलं, पाच मिनिटांनी दिवा लावते. चिठ्ठी वाचा, नाहीतर श्रोत्यांसमोर कबूल करा की सामना खोटा झाला. आणि खोटा झाला असेल तर पुढच्या शनिवारी रिंकवर वर्णनाला दुसरा माणूस जाईल. एवढं बोलून त्या काचेपलीकडे गेल्या.

खोलीत दोघंच उरली. त्याचा आवाज इतका लहान झालेला तिने कधी ऐकला नव्हता. "तुम्ही घाबरू नका," तो म्हणाला. "ही माझ्या खिशातून बाहेर येणार नाही."

"तुमचं काम जाईल."

"जाऊ दे."

"वाचलीत... सगळी?"

"सगळी."

"मग?"

त्याने तोंड उघडलं – आणि लाल दिवा लागला.

तो माइककडे वळला. खोटारडा म्हणवून घ्यायला तयार झालेला माणूस कसा दिसतो, ते तिने पाहिलं. खांदे पडलेले, ओठ घट्ट मिटलेले. तिला वाटलं, आपण आयुष्यभर धोके मोजत आलो, पण मोजताना दर वेळी आपलंच गोदाम तेवढं बघितलं. त्याच्या उत्तराची तिला अजून भीतीच वाटत होती, खूप वाटत होती. तरी तिने हात लांब केला, त्याच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि माइक स्वतःकडे ओढला.

"श्रोतेहो, मी आकडेबाई," ती म्हणाली. "चौपन्नावी चिठ्ठी सामन्याची नव्हती. ती माझी होती. चुकून गठ्ठ्यात गेली. युरोपचा गोल खरा आहे, माझी सगळी गणितं मी उद्या कुणालाही दाखवीन. चिठ्ठीत जे आहे ते आता वाचते, कारण तसा नियम आहे."

तिने घडी उलगडली. "'सामने संपले तरी मला शनिवारी तुमच्या शेजारी बसायचं आहे. आकड्यांसाठी नाही. आकडे हे निमित्त होतं. तुम्हाला चालणार नसेल तर ही चिठ्ठी फाडून टाका, मी पुन्हा विचारणार नाही.'"

वाचून झालं. आता त्याने बोलायचं होतं. तीन तास एका दमात बोलणारा, नसलेल्या बर्फावर नसलेल्या माणसांना धावायला लावणारा तो भोंगा तिच्याकडे नुसता बघत होता. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. काचेपलीकडे बाई दोन्ही हातांनी खुणा करत होत्या – बोला, कुणीतरी बोला. एक सेकंद, दोन, तीन, चार...

मग त्याने मान हलवली. पण रेडिओवर मान दिसत नाही. ते तिच्या लक्षात आलं आणि तिने पुन्हा माइकवर वाकून सांगायला सुरुवात केली.

"श्रोतेहो... त्यांनी मान हलवली आहे. आडवी नाही. उभी." तिने घसा खाकरला. "पुन्हा हलवली. ते हसतायत. डोळे पुसतायत, म्हणजे... हसतच पुसतायत. आता त्यांनी खुर्ची सरकवली. माझ्या बाजूला सरकवली. आणि त्यांनी माझा हात..."

ती थांबली. तिचा हात गार पडला होता आणि त्याचा चांगलाच गरम होता.

"पुढचं मी सांगणार नाही," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच माइकचं बटण बंद केलं.