डावीकडचा सलाम

ज्याला खोटं वाटेल त्याला वाटो. आज गुरुवार, माझा रोजा आहे. रोज्याच्या तोंडाने मी खोटं बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सिनाईच्या डोंगरात, आमच्या बंद घळीत. भर दुपारी.

दोन वर्षं पाऊस नव्हता. त्या घळीत एक सुगंधी झुडूप उगवतं, आमच्या दुसऱ्या कुठल्याच डोंगरात नाही. म्हणून जमातीने शपथ घेऊन घळ चराईला बंद केलेली. तोंडाशी दगडांची रास. राखणीला माझी आतेसासू, मसऊदा.

ती वारली, त्याला चाळीस दिवस झाले होते.

घजाला नावाची माझी गाभण शेळी उभी राहताना भुकेने थरथरायची. माझी जाऊ नुवैजा म्हणाली, "राखणारी गेली. आता काय दगडांना भितेस?"

"शपथ घेतलीय गं."

"बरं बाई. मग तुझे रोजेच घाल तिला खायला!"

लागलं मला ते.

नऊ शेळ्या घेऊन मी रास ओलांडली.

आत हिरवंगार. दुपारच्या नमाजाची वेळ झाली, तशी वाळूतच उभी राहिले. मागे शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. किण... किण...

सजद्यात कपाळ टेकलं...

आणि घंटा थांबल्या. नऊच्या नऊ.

नमाज मधेच तोडू नये. मी पढत राहिले. तेवढ्यात शेजारी कुणाचे तरी गुडघे कडकन वाजले...

आतेसासूचे वाजायचे, तसेच.

नमाज संपवताना करतात तसा आधी उजवीकडे सलाम केला. घळ रिकामी. एकही शेळी नाही.

डावीकडे मान वळवली...

कुणी नव्हतं.

पण वाळूत, माझ्या खुणांना लागून, दोन गुडघे, दोन तळवे, एक कपाळ. वाळू तिथे ओली होती. कापराचा वास येत होता.

तिला शेवटची आंघोळ मीच घातली होती. पाण्यात कापूर घालून.

धावत बाहेर आले. शेळ्या राशीपलीकडे एका ओळीत उभ्या. आठांची तोंडं रिकामी. फक्त घजालाच्या ओठांत एक हिरवी डहाळी...

संध्याकाळी ती व्याली. करडू जगलं. ती गेली.

नुवैजाला सगळं सांगितलं. ती हसली नाही. उठली, आणि राशीवर एक दगड ठेवून आली.

मोडलेल्या शपथेच्या प्रायश्चित्ताचे तीन रोजे मी केले. आता राखण माझ्याकडे आहे. दुपारचा नमाज राशीबाहेरच पढते. डावीकडे सलाम करताना डोळे मिटून घेते.

परवा सलाम झाला, तरी मी बसूनच होते...

शेजारी गुडघे वाजले. कुणीतरी उठलं.

घजालाचं करडू माझ्या डावीकडे, मान वर करून बघत होतं.