हाताळणीच्या तासातली चोरी

कुणाचा विश्वास बसणार नाही, बसू नयेच. पण बाबाजान जमादाराने भर दुपारी वीसेक पोरांदेखत निजामशाहीतली तलवार गुडघ्यावर ठेवून ओल्या फोकासारखी वाकवली होती. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

साल एक्केचाळीस. जमादार चौकीत जेवायला बसले होते. पहिला घास तोंडाशी जातोय तोच निरोप आला. तोफखाना पेठेत काकासाहेबांच्या संग्रहालयात चोरी झाली. चोर सापडलाय, घेऊन जा.

जमादार तसेच उठले. उपाशी बाबाजान म्हणजे काय चीज, हे नगरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते तरातरा निघाले की टांग्याची घोडी आपणहून कडेला सरत. एकदा तर म्हणे माळीवाडा वेशीनेच अंग चोरून वाट दिली होती.

अंगणातलं दृश्य पाहून त्यांचं डोकं आणखी तापलं. कोल्हारच्या शाळेची पोरं रणरणत्या उन्हात ओळीने उभी. खिसे उलटे काढलेले, राखेने माखलेले हात पुढे धरलेले. खांबाशी दहा वर्षांची एक मुलगी एकटीच. डोळे पुसून पुसून तिच्या गालांवर राखेचे फराटे उमटले होते.

"हीच ती चोर," संग्रहालयाचे सेक्रेटरी भिमाजीराव म्हणाले. "चांगुणा नाव."

"पोरांना उन्हात कुणी उभं केलं?"

"मीच. धाक नको का?"

"सावलीत घ्या! आत्ताच्या आत्ता!"

आवाज असा की आतल्या भिंतीवरची ढाल खिळ्यासकट खाली आली.

काकासाहेब बिचारे दाराशी मान खाली घालून उभे होते. त्यांचा उद्योग साऱ्या जिल्ह्यात वेगळा. शाळांना बोलवायचं आणि इतिहास पोरांच्या हातात द्यायचा. जातं ओढा, चिलखत घाला, तलवार पेला. घामाने लोखंड गंजतं, म्हणून आत शिरतानाच प्रत्येक पोराच्या तळहातांना चाळलेली राख चोळायची. हात धुवायचे ते घरी निघताना.

मेजावर म्यानातला खंजीर होता. शेजारी चांगुणाचं काळ्या फडक्यातलं गाठोडं, गाठ मारलेलं.

"भिमाजीराव, सांगा. काय पाहिलंत?"

"सगळं पाहिलं! तलवारी हाताळून झाल्या, पोरं चिलखताकडे वळली. खंजिराची पाळी अजून यायची होती. हिने तो मेजावरून हळूच उचलला, पडवीत गेली आणि आपल्या भाकरीच्या गाठोड्यात खुपसला."

"मधे हात धुतले तिने?"

"छे! बघा की, अजून राख तशीच आहे."

"गाठोडं कुणी सोडलं?"

"सोडायचं कशाला? मुठीचं टोक बाहेर डोकावत होतं. मी उपसून काढला."

जमादारांनी खंजिराची मूठ उजेडात धरली. वेलबुट्टीची प्रत्येक खाच लखलखत होती. मग काळ्याभोर फडक्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"गुरुजी, पोरगी कशी आहे?"

"गुणी आहे, जमादारसाहेब," शाळेचे गोरक्षनाथ गुरुजी संतापाने म्हणाले. "पण बापाने बजावलंय, शाळेतून एक कागाळी आली की नाव काढीन. ही बातमी कोल्हारला पोचली की संपलं. पाटी सुटणार, खुरपं हाती येणार."

"आज कुणाशी भांडली?"

"भांडली नाही. ती मोठी तलवार उचलून हसली. म्हणाली, आमच्या खुरप्यापरीस हलकी हाय! पोरं खिदळली. भिमाजीराव मात्र उसळले. असल्या गावंढळ शाळा आणू नका म्हणाले."

"ते कधीचेच मागे लागलेत," काकासाहेब पुटपुटले. "हाताळणी बंद करा, सगळं काचेत ठेवा. आज मीही हो म्हटलं."

"पोरी, तू घेतलास खंजीर?"

"न्हाई."

"बस." जमादार वळले. "काकासाहेब, ती तलवार आणा."

आणि मग त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली. एक हिसडा. पातं कमानीसारखं वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.

काकासाहेब मटकन खाली बसले.

"हे निजामशाही पोलाद नव्हे, नव्या पत्र्याला मुलामा आहे!" जमादारांनी ती खणकन फेकली. "खरी कधीच विकली गेली. पोरांच्या हातात दिली तर कुणीतरी बोलणारच. आज ही बोलली. म्हणून हिला चोर ठरवायचं, म्हणजे हाताळणीही बंद आणि तोंडही बंद. काचेतल्या पत्र्याचं वजन कोण करतंय?"

"कोणावर बोलताय?" भिमाजीराव ओरडले.

"ऐका नीट! राखेच्या हाताने हिने खंजीर उचलला म्हणता. मग वेलबुट्टीच्या खाचांत राखेचा कण का नाही? फडकं काळंभोर. त्याच हातांनी त्यात खुपसला, तर त्यावर पांढरं बोट का नाही? या घरात राख चोळल्याशिवाय एकही पोर आत येत नाही. कोरड्या, स्वच्छ हातांची मोठी माणसंच. काकासाहेब आणि गुरुजी पोरांना चिलखत चढवत होते. पडवीत गेल्याचं सांगणारे तुम्ही एकटे. दहा वर्षांच्या पोरीवर घातलंत हे? लाज कुठे ठेवून आलात?"

भिमाजीरावांच्या कपाळावर घाम फुटला. तरी माणूस बेरकी. हसण्याचं सोंग करत म्हणाले, "वा, जमादार! एवढीशी राख, तिच्यावरून मला फासावर द्या! अहो, मूठ गाठोड्यात होती. आतल्या गुळपोळीचं तूप लागलं, राख पुसली गेली. त्या गाठीला मी जन्मात हात लावला नाही!"

काकासाहेबांनी आशेने वर पाहिलं. जमादारांनी तोंड उघडलं.

पण त्यांच्याआधी चांगुणा खांब सोडून पुढे आली. तिने गाठोडं उचलून छातीशी धरलं. डोळ्यांत पाणी नव्हतं आता, नुसता जाळ होता.

"खोटं बोलताय तुमी!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "सकाळधरनं समदी भाकरी भाकरीच म्हनत्यात. आईनं पोळी दिलीया, ते मी गुरुजींनाबी सांगितलं न्हाई. गाठ कुनीच सोडली न्हाई, तर आत गुळपोळी हाय हे तुमाला कसं ठावं?"